जाणते दुकान

पूजेचे साहित्य विकणारी दुकाने आमच्या गोव्यात अजून बऱ्यापैकी टिकून आहेत. अशा एखाद्या दुकानात जाऊन ‘पूजेचे सामान द्या’ एवढेच म्हटले, तर दुकानदार जागचा हलत नाही. तो उलट विचारतो, ‘पूजा कोणती? सत्यनारायण, की वास्तुशांत? भटजी कोण येणार?’ शेवटचा प्रश्न नवख्याला आगाऊपणाचा वाटेल. परंतु कोणत्या भटजींना सुपाऱ्या किती लागतात आणि कोण जानव्याचे जोड मोजून घेतात, हे त्या दुकानदाराला ठाऊक असते. हल्ली हेच सामान सुपरमार्केटात एका बंद पेटीत मिळते. पेटी स्वच्छ असते, किंमत छापलेली असते, बिल मिळते. मात्र ती पेटी हातात ठेवणाऱ्या मुलाला आतल्या वस्तूंपैकी निम्म्यांची नावे सांगता येतीलच असे नाही. पहिल्याला मी जाणते दुकान म्हणतो आणि दुसऱ्याला भरलेले दुकान. गरज दोन्हींची असते, हे मान्य. पण या दोहोंतील अंतर ज्या व्यापारात मला सर्वांत स्पष्ट दिसले, तो व्यापार या मासिकाच्या वाचकांना कदाचित पोरकट वाटेल. तो व्यापार व्हिडिओ गेमचा.

तसा तो वाटू नये, एवढ्यासाठी आधीच सांगून ठेवतो की, वकिलीच्या व्यवसायात माझ्यासमोर घरे, कुळागरे, सोने आणि बँकेतील ठेवी यांचे तंटे येतात, आणि अलीकडे त्यांच्या जोडीला हे खेळही येऊ लागले आहेत. त्याविषयी पुढे लिहायचेच आहे.

माझे वय आता पंचेचाळिशीच्या घरात आले. आमच्या पिढीने व्हिडिओ गेम प्रथम पाहिला तो १९९०-९२ च्या सुमारास, दूरदर्शनच्या संचाला तारेने जोडलेल्या एका हलक्या प्लॅस्टिकच्या यंत्रावर. जपानी कंपनीच्या मूळ यंत्राची ती नक्कल असे, ही गोष्ट तेव्हा आम्हांला कोणी सांगितली नाही आणि सांगितली असती तरी आमच्या आनंदात काही उणे पडले नसते. यंत्र मिळे मडगावातील टेलिव्हिजनच्या दुकानात, मिक्सर आणि इस्त्री यांच्या मधोमध ठेवलेले. दुकानाचे मालक ते यंत्र जोडून दाखवीत, चित्र आले की बंद करीत आणि पैसे मोजून घेत. त्यांच्या दृष्टीने चित्र येणे म्हणजेच खेळ होणे.

कॅसेट मात्र मिळत असत त्या एका लहान स्टेशनरीच्या दुकानात. वह्या, कंपासपेट्या आणि चिंचेच्या गोळ्या यांच्या मागे काचेचे एक कपाट होते, आणि त्या कपाटाचा मालक हाच आमच्या लेखी खरा जाणकार. आपली कॅसेट द्यायची, वर दहा रुपये ठेवायचे आणि दुसरी न्यायची, असा तेथला रिवाज. काही कॅसेटींवर ‘९९९९९९९ खेळ एकात’ असे छापलेले असे. आम्ही त्या आकड्याकडे डोळे विस्फारून पाहत असू. तो मात्र शांतपणे म्हणे, ‘हातूंत सातच आसात.’ आणि खरोखरच त्यात सातच खेळ निघत. बाकीची सर्व नावे त्याच सातांची रूपे. एवढी मोठी जाहिरात स्वतःच्याच दुकानात बसून खोडून काढणारा विक्रेता त्यानंतर मला फारसा भेटलेला नाही. त्यामागे साधुत्व होते असेही मी म्हणणार नाही. आम्ही पुन्हा येणार होतो, दर आठवड्याला येणार होतो, हे त्याला माहीत होते. टेलिव्हिजनच्या दुकानदाराला आम्ही पुन्हा भेटणार होतो ते थेट दहा वर्षांनी, नवा टेलिव्हिजन घेताना.

पुढे कायद्याच्या वाचनाच्या ओघात या व्यापाराचा इतिहासही वाचनात आला, आणि मौज अशी की, मडगावच्या त्या दोन दुकानांतील भेद अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर घडून गेलेला आढळला. घरी खेळण्याचे पहिले यंत्र, मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे ‘ओडिसी’, १९७२ साली विक्रीस आले. ते विकले गेले त्याच कंपनीच्या टेलिव्हिजन-विक्रेत्यांच्या दुकानांतून. त्यामुळे हे यंत्र केवळ मॅग्नाव्हॉक्सच्या टेलिव्हिजनवरच चालते, असा पुष्कळ गिऱ्हाइकांचा समज झाला आणि विक्रीला त्याचा फटका बसला. वस्तू चांगली होती, परंतु ती कशावर चालते हे स्पष्ट करून सांगणारे माणूस दुकानात नव्हते. १९७५ च्या नाताळात अटारी कंपनीचा ‘पाँग’ घराघरांत पोहोचला, तो सीअर्स या सुईपासून शीतकपाटापर्यंत सर्व काही विकणाऱ्या प्रचंड पेढीच्या जोरावर. तेव्हा भरलेल्या दुकानांनीच हा खेळ जन्मास घातला, असे म्हटले तरी चालेल. त्यांचे हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण जन्मास घालणाऱ्यांनीच तो टाकूनही दिला. १९८२-८३ मध्ये बाजारात कॅसेटींचा महापूर आला. बऱ्यावाईट सर्वच कंपन्यांनी खेळ काढले आणि खेळण्यांच्या व सर्वसाधारण वस्तूंच्या दुकानांनी ते पारख न करता भरून घेतले. माल उठेना, तेव्हा तोच माल टोपल्यांत टाकून मातीमोलाने विकला जाऊ लागला. चांगला खेळ आणि टाकाऊ खेळ एकाच टोपलीत, एकाच किमतीला! गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला. अटारीने आपल्या न खपलेल्या कॅसेटी १९८३ साली न्यू मेक्सिकोमधील अलामोगोर्डो गावाजवळ खड्ड्यात पुरल्या. २०१४ साली तो खड्डा उकरला, तेव्हा त्या खरोखरच तेथे निघाल्या. १९८५ मध्ये निन्टेन्डो कंपनी आपले यंत्र घेऊन न्यूयॉर्कला आली, तेव्हा ‘व्हिडिओ गेम’ या शब्दालाच दुकानदार बिचकत होते. शेवटी यंत्राबरोबर एक लहानसा यंत्रमानव देऊन कंपनीने त्याला खेळण्याचे रूप दिले आणि न खपलेला माल परत घेण्याची हमी दिली, तेव्हा कोठे दुकानांचे दरवाजे उघडले.

याच पडझडीच्या काळात जाणती दुकाने उभी राहिली, ही गोष्ट मला लक्षणीय वाटते. १९८४ साली डॅलस शहरात ‘बॅबेजेस’ नावाचे संगणक-प्रणालींचे दुकान निघाले; गणनयंत्राची कल्पना करणाऱ्या चार्ल्स बॅबेजचे नाव दुकानाला देणाऱ्या माणसांना आपण काय विकतो याची जाण असावी, असे मानावयास हरकत नाही. त्यांनी खेळही ठेवले. १९८८ मध्ये मिनेसोटात ‘फंकोलँड’ निघाले. त्यांची पद्धत मला फार आवडते. जुन्या खेळांचा घेण्याचा भाव व देण्याचा भाव त्यांनी वृत्तपत्राच्या कागदावर यादी छापून जाहीर केला, आणि कोणताही खेळ दुकानातच लावून पाहण्याची मुभा दिली. सराफाच्या दारावर सोन्याचा भाव लिहिलेला असतो, तसाच हा प्रकार. भाव जाहीर असला म्हणजे घासाघीस संपत नाही. परंतु अज्ञानाचा फायदा घेणे अवघड होते. यथाकाल ही दुकाने एकमेकांत विलीन होत गेली आणि ‘गेमस्टॉप’ या नावाखाली एकत्र आली. २००५ मध्ये त्यांनी आपल्या प्रतिस्पर्धी ‘ई. बी. गेम्स’लाही गिळले. एके काळी या पेढीची सात हजारांहून अधिक दुकाने जगभर होती.

येथे भाबडेपणा नको. गेमस्टॉपचा प्राण जुन्या मालाच्या व्यापारात होता. नव्या खेळावर जेवढा नफा सुटे, त्याच्या सुमारे दुप्पट जुन्यावर सुटे. मुलाने साठ डॉलरला घेतलेला खेळ तीन महिन्यांनी वीसला परत घ्यायचा आणि चाळीसला विकायचा, अशा धर्तीचा तो हिशेब. मुले कुरकुरत, आणि तरीही येत. कारण शीतकपाटे विकणारी मोठी दुकाने बराच काळ तो खेळ परत घेत नसत. आपल्याकडे रद्दीवाला आणि पुस्तकांचा जुना बाजार यांच्याविषयी आपण हेच म्हणतो. रद्दीवाला लुबाडतो हे खरे. पण त्याच्यामुळेच पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तक निम्म्या किमतीत मिळते, हेही खरे.

मी वकील असल्यामुळे या व्यापाराच्या पायाखाली कोणता कायदा आहे, हे पाहिल्याशिवाय मला राहवले नाही. विकत घेतलेली वस्तू पुन्हा विकण्याचा अधिकार आपल्याला उपजतच असल्यासारखा वाटतो. जमिनीच्या बाबतीत त्यात शंका नाही. पुस्तकाच्या बाबतीत मात्र तो भांडून मिळवावा लागला. अमेरिकेतील बॉब्स-मेरिल या प्रकाशन संस्थेने ‘द कास्टअवे’ नावाच्या एका कादंबरीवर छापले होते की, ही एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकल्यास ग्रंथस्वामित्वाचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती एकोणनव्वद सेंटला विकली. १९०८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, एकदा प्रत विकली की त्या प्रतीच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचा ताबा उरत नाही. गंमत पाहा! मेसीज हे कापडापासून भांड्यांपर्यंत सर्व काही ठेवणारे दुकान, म्हणजे भरलेल्या दुकानांचा राजाच. ज्या हक्कावर पुढे जाणत्या दुकानांची पिढ्यान्‌पिढ्या गुजराण झाली, तो हक्क मिळवून दिला एका भरलेल्या दुकानाने.

जपानमध्ये हाच वाद थेट खेळांवरून झाला. जुन्या खेळांची विक्री बेकायदेशीर ठरवावी, म्हणून खेळ काढणाऱ्या कंपन्या दुकानदारांविरुद्ध न्यायालयात गेल्या. व्हिडिओ गेम हा कायद्याच्या दृष्टीने चित्रपट आहे आणि चित्रपटाच्या वितरणाचा हक्क निर्मात्याकडे राहतो, हा त्यांचा युक्तिवाद. २५ एप्रिल २००२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो अर्धा स्वीकारला : खेळ हा चित्रपट आहे खरा, परंतु प्रत जनतेला एकदा रीतसर विकली की त्या प्रतीपुरता तो हक्क संपतो. युक्तिवादाचा पूर्वार्ध मान्य करून उत्तरार्ध काढून घेणारा हा निकाल वाचताना कोणाही वकिलाला क्षणभर प्रतिपक्षाची दया येईल. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली संगणक-प्रणालीसंबंधी असे शब्द घालण्यात आले होते की, प्रत पूर्वी विकली गेलेली असो वा नसो, तिच्या विक्रीचा हक्क कर्त्याकडेच राहील. १९९९ च्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले. त्या पाच-सहा वर्षांत देशातील किती पोरांनी दहा रुपयांत कॅसेटी बदलून नेल्या असतील! कायद्याची बूज राखावयाची तर त्या साऱ्यांना आरोपी करावे लागले असते. अर्थात आमच्या कॅसेटीच मुळात नकली. त्यांच्या बाबतीत कर्ता कोण आणि कर्म काय, हे ठरवितानाच न्यायालयाचा दिवस मावळला असता.

नकलीचा विषय निघालाच आहे, तर जाणत्या दुकानांची काळी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या देशात या दुकानांपैकी पुष्कळशी वर्षानुवर्षे चोरीच्या मालावर जगली. प्लेस्टेशन २ च्या काळात यंत्रात एक चिप बसवून घ्यायची आणि मग शंभर-दीडशे रुपयांच्या नकली डिस्क खुशाल लावायच्या, हा शहरोशहरीचा रिवाज होता, आणि चिप बसविणारा हात त्याच जाणत्या दुकानदाराचा असे. बिल मागितले तर तो हसे. याउलट २००६ साली जुहूला क्रोमाचे पहिले दुकान निघाले आणि त्यानंतर अशी मोठी दुकाने गावोगाव पसरली, तेव्हा खरा माल, छापील किंमत, कंपनीची वॉरंटी आणि सुलभ हप्ते या चार गोष्टी मध्यमवर्गीय बापाला प्रथमच एका छताखाली मिळाल्या. माझ्यासारखा दस्तऐवजांवर पोट भरणारा माणूस या चार गोष्टींना तुच्छ लेखू शकत नाही. बिल नसले की ग्राहक-मंचासमोर अर्धी बाजू तेथेच लंगडी पडते, हे मी अशिलांना रोज सांगतो.

तरीही बिलाने सगळेच भागत नाही. २०२२ च्या दिवाळीत माझ्या धाकट्या बहिणीने तिच्या मुलासाठी एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून चार हजार नऊशे नव्व्याण्णव रुपयांची डिस्क आणली. भाच्याकडे प्लेस्टेशन ५ होते; परंतु ते ‘डिजिटल एडिशन’, ज्यात डिस्क घालण्याची सोयच नव्हती. २०२१ च्या फेब्रुवारीत ही यंत्रे भारतात आली, तेव्हा डिस्कचे यंत्र एकोणपन्नास हजार नऊशे नव्वदला आणि बिनडिस्कचे बरोबर दहा हजारांनी स्वस्त होते. बहिणीच्या यजमानांनी स्वस्त ते घेतले होते. डिस्क घेताना तिने विक्रेत्या मुलाला ‘प्लेस्टेशन ५ ला चालेल ना?’ असे स्पष्ट विचारले होते. ‘सगळ्यांना चालते, मॅडम,’ असे उत्तर मिळाले. घरी पाकीट फोडल्यावर प्रकार उघडकीस आला. दुकानात गेली, तर सील तोडलेला माल परत घेत नाही, असे तिला सांगण्यात आले. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे ही अनुचित प्रथा मानतो. पण ही डिस्क निर्दोष होती. फक्त चुकीच्या घरी गेली होती. तोंडी दिलेल्या माहितीवरून भांडता आले असते, आणि भांडलो असतो तर कदाचित जिंकलोही असतो. पाच हजारांसाठी वर्ष घालविण्यास बहीण तयार नव्हती.

मी तिला मडगावातल्याच एका गल्लीत असलेल्या लहानशा गेमच्या दुकानात घेऊन गेलो. मालक चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढविलेला, समोर उघडलेला एक कंट्रोलर आणि हातात पेचकस. त्याने डिस्कला हातही लावला नाही. आधी विचारले, ‘मशीन खंयचें, बाब? डिस्क घालपाक जागो आसा?’ मी नाही म्हणताच तो एवढेच म्हणाला, ‘मागीर हें ताका चलचें ना.’ हा एक प्रश्न मोठ्या दुकानात कोणी विचारला असता, तर आमची खेप वाचली असती. त्याने साडेतीन हजार दिले. दीड हजाराची खोट बहिणीला लागली, तिने ती निमूट सोसली, आणि पुढच्या खरेदीला मुलगा त्याच दुकानात जाऊ लागला.

त्या दुकानात एक गोष्ट मी पाहिली, ती येथल्या वाचकांना आवडेल. २००९ साली हैदराबादच्या एका कंपनीने ‘हनुमान : बॉय वॉरियर’ नावाचा खेळ प्लेस्टेशन २ साठी काढला होता. मारुतिरायाला रिमोटच्या बटणांवर नाचवावे, हे परदेशातील काही हिंदूंना रुचले नाही आणि तो मागे घेण्याची मागणीही झाली. त्या खेळाची एक डिस्क या माणसाने दुकानातील सर्वांत वरच्या फळीवर, गणपतीच्या तसबिरीशेजारी ठेवली आहे. ‘पायांकडे कशी ठेवायची?’ असे तो म्हणतो. त्या फळीवरची ती डिस्क गेली कित्येक वर्षे कोणी मागितली नसावी. मोठ्या दुकानात अशी फळीच नसते. तेथे सर्व माल डोळ्यांच्या रेषेत असतो आणि खपला नाही की परत जातो.

आता या दोन्ही प्रकारच्या दुकानांच्या वरून एक तिसरीच वाट गेली आहे. खेळ विकत घ्यावयाचा म्हणजे कोठे जावयाचे नाही. घरबसल्या पैसे भरावयाचे आणि तो यंत्रात उतरवून घ्यावयाचा. २०१३ च्या उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन यंत्रासाठी डिस्कच्या पुनर्विक्रीवर बंधने जाहीर केली, तेव्हा एवढा गहजब झाला की, १९ जून रोजी कंपनीला ती मागे घ्यावी लागली. हुकुमाने जे जमले नाही, ते पुढे सोयीने जमले. २०२५ मध्ये निन्टेन्डोने स्विच २ बरोबर काही खेळ असे आणले की, डबी असते, तिच्यात कार्डही असते, पण कार्डात खेळ नसतो. असते ती केवळ किल्ली, आणि खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद करण्यात आला. त्यानंतर पैसे देऊन घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला की, असा माल विकताना तुम्हांला मालकी मिळत नसून केवळ परवाना मिळतो, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. कायद्याने एवढेच केले की, नसलेल्या मालकीला ‘खरेदी’ म्हणण्यास आडकाठी घातली.

या तिसऱ्या वाटेची झळ दोघांना सारखी लागत नाही. अमेरिकेतील बेस्ट बाय या मोठ्या दुकानाने २०२४ मध्ये चित्रपटांच्या डिस्क विकणे सोडले आणि फळ्यांवर दुसरे काही मांडले. त्याचे काही बिघडले नाही. इंग्लंडमधील ‘गेम’ ही खेळांची पेढी मात्र २०१२ सालीच दिवाळखोरीत गेली होती. त्या वेळी सहाशेंपैकी २७७ दुकाने एका झटक्यात बंद झाली. मालक बदलले, पेढी तगली, पण २०२४ च्या आरंभी तिने जुना माल बदलून देण्याचा व्यवहार थांबविला. गेमस्टॉपने एका आर्थिक वर्षात अमेरिकेतील ५९० दुकाने बंद केली. (त्या पेढीच्या शेअर्सवरून २०२१ च्या जानेवारीत झालेला सट्टा पुष्कळांना आठवत असेल, त्याचा दुकानाच्या गल्ल्याशी काहीएक संबंध नव्हता.) जो एकच वस्तू जाणतो, त्याची ती वस्तू गेली की त्याचे जाणणे कोणाच्या कामाचे?

कोणाच्या, ते मला गेल्या वर्षी पाहावयास मिळाले. नावगाव सांगण्याचा मला अधिकार नाही. एक तरुण अपघातात गेला. लग्न झालेले, मूल नाही, वडील आधीच वारलेले. आमच्या गोव्यात विवाहाबरोबर मालमत्ता समाईक होते. म्हणून अर्धा वाटा विधवेचा, आणि मुलाबाळांच्या अभावी उरलेला अर्धा आईचा. अशा वेळी २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली ‘इन्व्हेंटरी’ लावावी लागते, म्हणजे मृताच्या प्रत्येक वस्तूची मूल्यासह यादी न्यायालयात द्यावी लागते. सासू-सुनेत तंटा नव्हता. दोघी एकाच घरात, एकाच दुःखात होत्या. फ्लॅट, स्कूटर, ठेवी यांची यादी सहज झाली. राहिले त्याचे कपाट. त्यात एकशे त्रेचाळीस डिस्क होत्या, आणि त्याच्या खात्यात उतरवून घेतलेले दोनशेहून अधिक खेळ निराळेच.

मूल्य कोण ठरविणार? यंत्र ज्या मोठ्या दुकानातून घेतले होते, तेथे मी फोन केला. तेथील व्यवस्थापक सभ्यपणे म्हणाले, ‘जुना टीव्ही असेल तर एक्स्चेंजमध्ये घेऊ, गेमचे आमच्याकडे काही नसते.’ मग गल्लीतल्या त्या दुकानदाराला विचारले. रविवारी सायंकाळी तो घरी आला, जमिनीवर मांडी घालून बसला आणि एकेक डिस्क दिव्यासमोर धरून ओरखडे पाहू लागला. कालनिर्णयाच्या उलटलेल्या पानाच्या मागे तो किंमत लिहीत होता. विसाव्या-पंचविसाव्या डिस्कवर त्याचा हात थांबला. ‘ही त्याने माझ्याकडूनच नेली होती,’ तो म्हणाला. ‘दोन देऊन ही एक नेली. दोन दिवसांनी पुन्हा आला, म्हणाला, त्यातली एक परत द्या, राहवत नाही.’ त्यानंतर असेच चालू राहिले. कोणती डिस्क त्याने पहिल्या पगारातून घेतली, कोणती लग्नाआधी विकली आणि लग्नानंतर पुन्हा शोधत आला, हे तो माणूस किमती लिहिता लिहिता सांगत होता. सून दाराशी उभी होती. आई शेजारी येऊन बसली आणि प्रत्येक डिस्क आपल्या हातात घेऊन मगच पुढे सरकवू लागली. ‘हें म्हज्या पुतान घेतिल्लें?’ असे ती दर वेळी विचारी, आणि तो ‘हय, मांय,’ असे दर वेळी उत्तर देई. सात वाजता सुरू झालेले काम साडेदहाला संपले. मूल्यांकनाचे पैसे त्याने घेतले नाहीत. चहा घेतला, आणि यादीतील कोणतीही डिस्क विकावयाची झाल्यास महिनाभर लिहिलेल्या किमतीला आपण ती घेऊ, असे त्या पानाच्या खाली सहीनिशी लिहून दिले. इतकी स्वच्छ लेखी हमी मला मोठ्या कंपन्यांच्या वॉरंटीपत्रांतही क्वचितच आढळते.

खात्यातील खेळांचे मात्र काय करावे, हे त्यालाही सांगता येईना. कंपनीच्या करारात खाते दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही, असे कलम असते. ते खेळ मृत्युपत्राने देता येत नाहीत, वाटणीत येत नाहीत, विकता येत नाहीत. आणि त्यावर खर्च झालेले पैसे डिस्कांच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक होते. त्या तरुणाने गेली चार-पाच वर्षे दुकानात जाणे जवळजवळ सोडलेच होते, असे दुकानदाराने जाता जाता सांगितले. त्यात तक्रार नव्हती. त्याच्याकडे तेवढ्या वर्षांची माहिती नव्हती, एवढेच.

यादी न्यायालयात दाखल झाली. तिच्यात ‘व्हिडिओ गेमच्या डिस्क, नग १४३’ अशी एक बाब आहे आणि तिच्यापुढे एक रक्कम आहे. दोघींनी त्यांतील एकही विकली नाही. वाटणीत ती बाब सुनेने आईच्या वाट्याला जाऊ दिली. खात्यातील खेळ यादीत नाहीत. त्या खात्याचा पासवर्ड सुनेला ठाऊक आहे. तो तिने मला सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही.